लिहायचं कुणासाठी? : घरच्या शाळेतला लेखनाचा अभ्यासक्रम



आजचा विषय ऐकायला छोटा आहे. मुलाला शाळेत न पाठवता घरी शिकवणाऱ्या, किंवा तसं करावं की काय या विचारात असलेल्या पालकांनी अकरा ते चौदा वर्षांच्या मुलासाठी लेखनाचा कोणता अभ्यासक्रम घ्यावा? मीरा रोड आणि भाईंदरमधल्या काही आईवडिलांनी हा प्रश्न मला विचारला. गणिताचं कुणी विचारलं नव्हतं. गणितात उत्तर शेवटच्या पानावर असतं, ते जुळलं की झालं. लेखनाचं तसं नाही. मुलाचा निबंध वाचून आईला कळतं की यात काहीतरी चुकतंय. पण काय चुकतंय ते सांगता येत नाही. मग तयार संचाकडे हात जातो, आणि तो संच बहुतेक वेळा अमेरिकेतून आलेला असतो.

तर मी आज या संचांचं परीक्षण करणार आहे, एखाद्या कादंबरीचं करावं तसं. म्हणजे त्यात काय लिहिलंय एवढंच बघायचं नाही. त्यानं आपला वाचक कोण धरलाय आणि आपल्या घरात तो वाचक आहे का, हे बघायचं.

कायद्याचं आधी उरकून टाकू. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय. ते न पाळल्यास शिक्षा काय, हे मात्र तिथे सांगितलेलं नाही. घरच्या शिक्षणाला त्यात नावानं जागा नाही. व्यवहारात लोक मुक्त विद्यालयाच्या वाटेनं जातात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेचा ‘क’ स्तर आठवीच्या बरोबरीचा आहे, आणि महाराष्ट्राच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची आणि आठवीची परीक्षा आहे. याचा अर्थ असा की सहावी-सातवीच्या वयात मूल काय लिहितं हे विचारायला कुणीही येत नाही. दोन-अडीच वर्षं मोकळी आहेत. ती कशानं भरायची, एवढाच आपला प्रश्न.

आता मीरा रोडचा एखादा जिना डोळ्यापुढे आणा. चार मजले, मजल्याला चार दारं. आत गुजराती, मारवाडी, मराठी, उर्दू, कोकणी, तुळू. जिन्यात हिंदी. वहीत इंग्रजी. महापालिकेच्या शाळा बघितल्या तरी मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू अशी माध्यमं आहेत. उत्तनकडे गेलात तर कोळीवाड्यातली आणि तिथल्या ख्रिस्ती घरांतली मराठी वेगळी; तिची क्रियापदं पुण्याच्या पुस्तकात सापडणार नाहीत. अशा गावात मूल ज्या भाषेत भांडतं, ज्या भाषेत आजीला फोनवर गोष्ट सांगतं आणि ज्या भाषेत लिहितं, त्या तीन निराळ्या असू शकतात. नव्हे, बहुतेकदा असतातच.

अमेरिकेत बांधलेल्या अभ्यासक्रमाला हे माहीत नसतं. त्यात त्याचा दोष नाही. तो ज्या घरासाठी केला, त्या घरात तिन्ही भाषा एकच. आपण तो विकत घेतो तेव्हा ही गृहीत गोष्ट किमतीत धरलेली नसते, एवढं ध्यानात ठेवा.

पहिला संच घेतो, या मंडळींत सर्वाधिक नाव ऐकू येतं त्याचा. इन्स्टिट्यूट फॉर एक्सलन्स इन रायटिंग. अँड्र्यू पुदेवा हे त्याचे कर्ते. पद्धत अशी : मुलाला एक परिच्छेद द्यायचा. प्रत्येक वाक्यातले फार तर तीन महत्त्वाचे शब्द त्यानं उतरवून घ्यायचे. मूळ परिच्छेद बाजूला. मग नुसत्या त्या शब्दांकडे बघून सगळं तोंडी सांगायचं, आणि नंतर स्वतःच्या वाक्यांत लिहायचं.

आपल्याकडचं उदाहरण करून बघू. भरतीचं पाणी मिठागरात घेतात. ते उन्हानं एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जाता जाता आटत जातं. शेवटी तळाशी दाणा धरतो. शब्द कुठले? भरती, पाणी, मिठागर. ऊन, वाफा, आटणं. तळ, दाणा. आता सांग. भाईंदरच्या मुलाला हे सांगता येतं, कारण आगर त्यानं लोकलच्या खिडकीतून बघितलेलं असतं. “काय लिहू?” म्हणून कोऱ्या कागदापुढे रडणाऱ्या मुलाला ही युक्ती फार उपयोगी आहे. काय लिहायचं हा प्रश्न ती काढून घेते, कसं लिहायचं एवढाच ठेवते. इथवर मी या संचाच्या बाजूनं आहे.

पुढे गडबड सुरू होते. लिहिलेल्या परिच्छेदाला ‘सजवायचं’ असतं. प्रत्येक परिच्छेदात एक ‘एल-वाय’नं संपणारं क्रियाविशेषण, एक ‘हू’ किंवा ‘विच’नं सुरू होणारं उपवाक्य, एक जोरदार क्रियापद, एक ठसठशीत विशेषण, एक ‘बिकॉज’. आणि प्रत्येकाखाली रेघ. बाजूला चेकलिस्ट. झालं की टिक. आईला हे आवडतं, कारण तपासता येतं. पण मुलं हुशार असतात, त्यांना दोन आठवड्यांत कळतं की विचार केला नाही तरी टिक मिळते. मग मुलगा नुसता पळत नाही, ‘वेगानं’ पळतो. कुत्रा नुसता भुंकत नाही, ‘भयानकपणे’ भुंकतो. या मंडळींचं म्हणणं असं की ही सगळी शिकाऊ अवस्था आहे, हत्यारं हातात बसली की चेकलिस्ट सुटते. सुटत असेल. ज्याच्या कानात ती भाषा दिवसभर पडते, त्याची सुटते. आपल्या जिन्यातल्या मुलाच्या कानात इंग्रजी पडते ती यूट्यूबची आणि वर्गाची. त्याला ‘भयानकपणे’ खटकत नाही, कारण तसं कुणी बोलतं का हे त्याला ठाऊकच नसतं.

काही पालक हीच चेकलिस्ट मराठीत उतरवतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबतो. ‘एल-वाय’ला काय करायचं? ‘पणे’ आणि ‘पूर्वक’. आनंदपूर्वक, शांतपणे, काळजीपूर्वक. ‘हू’ आणि ‘विच’ला काय? ‘जो माणूस काल आला होता तो’. आता मला सांगा, तुमच्या घरात असं कोण बोलतं? आपण म्हणतो, ‘कालचा तो माणूस’. फार तर ‘काल आलेला माणूस’. मराठी वाक्याचा साज विशेषणात नाही हो, तो क्रियापदाशी आणि त्या बारक्या शब्दांशी असतो. बघा : तो गेला. तो गेलाच. तोच गेला. तोही गेला. तो निघून गेला. तो जाऊन बसला. गेला बाई एकदाचा! सात वाक्यं, माणूस तोच, जाणं तेच. प्रत्येकात बोलणाऱ्याचं मन निराळं. हे सहावीतल्या पोराला शिकवावं लागत नाही, येतंच. त्याला फक्त दाखवावं लागतं की हे तुझ्याकडे आहे आणि हे लिहिलं तर चालतं. ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘की’ यांची चेकलिस्ट कुठल्याही संचात नाही. आणि नाही तेच बरं. केली तर त्यांचंही ‘भयानकपणे’ होईल.

दुसरा प्रकार स्वतःला अभिजात म्हणवणारा. ‘रायटिंग अँड ऱ्हेटोरिक’ नावाची बारा पुस्तकांची माळ आहे. तिचा पाया ग्रीक-रोमन शाळांतल्या लेखनसरावात आहे, त्याला प्रोजिम्नास्माटा म्हणतात. चौथ्या शतकातल्या ॲफ्थोनियसनं चौदा पायऱ्या सांगितल्यात. पहिली पायरी बोधकथा : ती लहान करून सांग, मोठी करून सांग, शेवट बदलून सांग. पुढे कथन, मग एखाद्याचं वचन घेऊन त्यावर बोलणं, मग एखादी गोष्ट खोटी ठरवणं, खरी ठरवणं, स्तुती, निंदा, तुलना. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. इसापाच्या गोष्टी मराठीत तंजावरला सरफोजीराजांच्या काळात, १८०६ साली छापल्या गेल्यात, आणि पंचतंत्र तर घरचंच.

या माळेतली मधली पुस्तकं, खंडन आणि मंडन यांची, मला फार पसंत आहेत. बारा-तेराव्या वर्षी मूल तसंही प्रत्येक गोष्टीचं खंडन करतच असतं! त्याला बसवून सांगायचं : बरं, आता हेच मुद्द्यानं कर. आणि उद्या उलट बाजू घे.

पण मला तुमचं लक्ष एका पायरीकडे वेधायचंय. ग्रीक नाव इथोपिया. एखाद्या व्यक्तीच्या तोंडचं भाषण लिहायचं. ॲफ्थोनियसचं उदाहरण आहे नायोबीचं : सगळी मुलं मेल्यावर ती काय बोलेल? ओळखीचं वाटतं ना? आपल्या निबंधाच्या पुस्तकातलं ‘आत्मवृत्त’ ते हेच. फाटक्या पुस्तकाचं, जुन्या छत्रीचं, नदीचं. दहावीच्या मराठीच्या पेपरात आजही आत्मकथन हा निबंधाचा एक प्रकार आहे. मग त्या ग्रीक मुलाच्या आणि आपल्या मुलाच्या कामात फरक काय? त्याला एक माणूस दिला होता आणि एक घटका दिली होती. नायोबी, मुलं गेल्यावर. त्या घटकेला ती कुणाशी बोलेल, आधी काय म्हणेल, काय म्हणणारच नाही, हा विचार करावा लागतो. आपण छत्री दिली आणि घटका काढून घेतली. मग छत्री काय बोलणार? “माझा जन्म एका कारखान्यात झाला.” सगळ्या छत्र्यांचा जन्म एकाच कारखान्यात झालेला आहे. (हशा)

नुसती घटका परत द्या, बघा काय होतं ते. छत्री, चर्चगेट-विरार लोकलच्या रॅकवर राहिलेली, मालकीण मीरा रोडला उतरून गेलेली, गाडी खाडीच्या पुलावर. आता बोल म्हणावं.

हा निबंध नावाचा प्रकार मराठीत असा कोरडा कधी झाला? मुळात तो तसा नव्हता. सरकारी शाळेत शिक्षक असलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ काढली. ते मासिक होतं. लोक विकत घेत, वाचत, चिडत, उत्तरं देत. निबंध म्हणजे भर बाजारात उभं राहून बोलणं. त्यातलं सगळंच आज आपल्याला पटणार नाही, पण कुणाला उद्देशून लिहिलंय याबद्दल कधी शंका येत नाही. शाळेनं निबंधाचा आकार घेतला, बाजार बाहेर ठेवला.

आणि ‘निबंधमाले’च्या एकोणीस वर्षं आधी, १८५५ साली, ‘ज्ञानोदय’मध्ये एका विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे. फुल्यांच्या पुण्याच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास. विषय : मांग-महारांचं दुःख. आपण मधल्या शाळेच्या वयाच्या लेखनाबद्दल बोलतोय ना? मग हा निबंध टेबलावर हवाच. कृपा करून तो फक्त प्रेरणेसाठी वाचू नका, बांधणीसाठी वाचा. ती समोरच्याचा दावा आधी मांडते : वेद आमचेच, इतरांनी ते वाचू नयेत. मग म्हणते, ठीक, तर मग आमच्याकडे धर्माचं पुस्तकच नाही. आणि पुस्तक नाही म्हणजे आम्हाला धर्मही नाही. तर देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग. हे खंडन आहे, आणि तेही प्रतिपक्षाचं म्हणणं मान्य करून केलेलं. ग्रीक शाळामास्तर उठून उभा राहिला असता. पुढे ती बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसतं हे सांगते. तिथे एकही सजवलेलं विशेषण लागत नाही. छप्पर नसतं, एवढं पुरतं.

तिला हे कुठल्या अभ्यासक्रमानं शिकवलं? तीनएक वर्षांची शाळा, तीत कुणीतरी तिचं म्हणणं ऐकून घेतलं असणार, आणि समोर छापणारं नियतकालिक होतं. ऐकणारा कान आणि वाचणारा माणूस. माझा आजचा सगळा मुद्दा एवढाच आहे. प्रत्येक विकतचा संच पद्धत देतो. या दोन गोष्टी घरात आहेत असं तो धरून चालतो, आणि आपल्या घरांत नेमक्या याच दोन नसतात.

साने गुरुजींचं उदाहरण याच्याच जवळचं. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना ते वसतिगृहाचं बघत, आणि तिथल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हातानं लिहून काढत. हस्तलिखित दैनिक! वाचक कोण? त्याच इमारतीत झोपणारी मुलं. मुलांना रोज दिसत होतं की आपल्या रोजच्या जगण्यावर लिहिता येतं आणि ते सगळे वाचतात. भित्तिपत्रक काढणाऱ्या शाळा नंतर पुष्कळ झाल्या. पण काही ठिकाणी ते पाहुणे येणार असले की लागतं. त्याचा उपयोग नाही.

आता ऐकणाऱ्या कानाबद्दल. इथे परदेशी मंडळींकडून घेण्यासारखं बरंच आहे. शार्लट मेसन ही इंग्लंडमधली शिक्षणविचारक, १९२३ साली गेली. तिचा आग्रह असा की मुलानं धडा एकदाच ऐकायचा किंवा वाचायचा, आणि मग आपल्या शब्दांत सांगायचा. प्रश्न विचारायचे नाहीत, गाळलेल्या जागा नाहीत. सांग, बस्स. दहाव्या वर्षापर्यंत रचना म्हणून वेगळं काही शिकवायचं नाही. सुझन वाइज बावर या अमेरिकन लेखिकेनं त्याचं कारण फार स्वच्छ मांडलंय. लिहिताना मूल दोन कामं एकदम करतं : मनातल्या धूसर गोष्टीला शब्द देणं, आणि ते शब्द कागदावर उतरवणं. दोन्ही अवघड. ती वेगळी करा. आधी फक्त बोलू द्या, लिहून तुम्ही घ्या. दुसरीकडे, दुसऱ्याचं चांगलं वाक्य बघून आणि ऐकून उतरवू द्या. म्हणजे आपलं शुद्धलेखन आणि श्रुतलेखन. आपण त्याला हस्ताक्षराची शिक्षा करून टाकलंय ते सोडा. मुळात तो कान तयार करण्याचा सराव आहे. ज्युली बोगार्टचा ‘ब्रेव्ह रायटर’ही याच घराण्यातला, पण मोकळा. मूल उत्साहानं काही सांगत असेल तर हातातलं काम टाकून कागद घ्या आणि त्याचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्या, मग त्याला वाचून दाखवा. बोगार्टचं पुस्तक मुलाला देऊच नका, स्वतः वाचा. ते आईसाठी आहे.

या सगळ्यांत मी बावरबाईंकडे झुकतो. मधल्या वयासाठी त्यांचं ‘रायटिंग विथ स्किल’ आहे. ते मुलाशी थेट बोलतं, घडलेली घटना क्रमानं सांगणं, वस्तूचं वर्णन, शास्त्रातल्या प्रक्रियेचं वर्णन अशी कामं देतं. शास्त्र आणि इतिहास वापरतं, त्यामुळे उगाच कल्पनाशक्तीला ताण नाही. उणीव सांगायची तर ते लांबलचक आहे आणि त्यातले उतारे बहुतेक ब्रिटिश-अमेरिकन जगातले. उतारे बदलता येतात. पण एक अट आहे. मुलाला इंग्रजीत वाचलेलं इंग्रजीतच, न अडखळता तोंडी सांगता आलं पाहिजे. येत नसेल तर त्याच बाईंचं लहान मुलांचं ‘रायटिंग विथ ईझ’ घ्या, मुखपृष्ठावर इयत्ता लिहिलेली असेल ती झाका आणि सुरू करा. बारा वर्षांच्या मुलाला तिसरीचं पुस्तक देण्यात कमीपणा नाही. कमीपणा चुकीच्या भाषेत थोर निबंध पाठ करण्यात आहे.

आणि मराठीत? घरच्या शाळेसाठी बांधलेला असा मराठी संच माझ्या टेबलावर नाही. बालभारती आहे. १९६७ साली स्थापन झालेली संस्था, पुस्तकं स्वस्त, पीडीएफ फुकट. सहावी ते आठवीची पुस्तकं वाचायला चांगली आहेत, वेचे चांगले आहेत. लेखनासाठी ती अपुरी पडतात, कारण ती भरलेल्या वर्गासाठी केलेली आहेत. प्रश्नाचं उत्तर धड्यातच असतं आणि स्वतःचं लिहायला सांगणारी सूचना शेवटी एका ओळीत येते. वर्गात शिक्षकाला त्या ओळीपर्यंत पोचायला तास पुरत नाही. तुम्ही घरी तिथूनच सुरुवात करा! त्याच संस्थेचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय, जुने अंक संकेतस्थळावर आहेत. मुलाला ‘किशोर’चा पन्नास वर्षांपूर्वीचा एक अंक आणि आजचा एक अंक द्या. कुठला आवडला आणि का, हे तोंडी सांगू दे. परीक्षण नावाचा लेखनप्रकार असा सुरू होतो.

राहिला वाचणारा माणूस. मीरा-भाईंदरमध्ये तो फुकट मिळतो, शोधावा मात्र लागतो. सोसायटीची नोटीस घ्या. ‘टाकी धुण्यासाठी उद्या सकाळी पाणी बंद राहील.’ हे मुलाला लिहायला द्या, मराठीत आणि हिंदीत. चौथ्या मजल्यावरच्या गुजराती आजींना कळलं पाहिजे, वॉचमनला कळलं पाहिजे, आणि सेक्रेटरीला अपमान वाटता कामा नये. नोटीस लागते. मग दोन जण विचारतात, “सकाळी म्हणजे किती वाजता?” मुलाला जे कळलं ते कुठल्याही चेकलिस्टनं कळलं नसतं. पुढची पायरी, आपल्याकडे पाणी कुठून येतं ते शोधून लिहिणं : स्टेम, एमआयडीसी, सूर्या योजना. इमारतीत प्रत्येकाचं त्यावर मत असतं आणि ती मतं एकमेकांना छेद देतात. बारा वर्षांच्या मुलाला खंडन-मंडनाला याहून चांगला विषय मिळणार नाही. उत्तनच्या मुलानं आजोबांचं बोलणं आजोबांच्याच बोलीत लिहावं, निवेदन प्रमाण मराठीत ठेवावं. आजोबांना वाचून दाखवावं. ते म्हणतील, “मी असं बोललोच नाही.” मग दुरुस्त करावं. संपादन म्हणजे हेच.

जाता जाता एक. २०२५च्या जुलैत मीरा रोडवर मराठीवरून मोर्चा निघाला, देशभर बातम्या झाल्या. त्यानंतर मला विचारणारे पालक थोडे बदलले. अमराठी घरांतले काही म्हणतात, मुलाला मराठी लिहिता आलंच पाहिजे, उगाच वाद नको. मराठी घरांतले काही म्हणतात, आता तरी मुलानं अस्मितेवर निबंध लिहावा. दोघांची काळजी मला समजते. पण भीतीनं लिहिलेलं आणि घोषणेतून लिहिलेलं, दोन्ही वाचलं की एकाच गाइडमधून उतरवल्यासारखं लागतं. मुलाला आधी शेजाऱ्याची चौकशी करणारी चिठ्ठी लिहू द्या.

आता प्रश्न घेऊ.

(प्रश्न : बोललेलं लिहू दिलं तर ऱ्हस्व-दीर्घाचं काय? आठवीच्या परीक्षेत गुण जातील.)

जातील थोडे. म्हणून दुरुस्ती करायचीच, पण एका वेळी एकच. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२चे चौदा आणि १९७२चे चार, असे अठराच आहेत. महिनाभर फक्त एक घ्या : शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’ असे थोडे अपवाद. त्या महिन्यात बाकी चुकांना हात लावू नका. लाल पेननं पान रंगवलं की मूल पुढच्या वेळी ज्या शब्दांचं लेखन येतं तेवढेच शब्द वापरतं, आणि तुमच्या हातात बिनचूक, रिकामं पान येतं.

(प्रश्न : यंत्राला सांगितलं की ते निबंध लिहून देतं. मग एवढा खटाटोप?)

छत्रीचं आत्मवृत्त ते झकास लिहील, कारण तसल्या छत्र्या त्यानं हजारो वाचल्यात. तुमच्या आजोबांनी काय सांगितलं ते त्याला माहीत नाही. विषय देताना एवढं बघा. ज्या विषयावर मुलाला कुणाला तरी विचारायला उठावं लागत नाही, तो विषय देऊ नका.

(प्रश्न : आमच्या घरी गुजराती बोलतात. मुलगी बारा वर्षांची, इंग्रजी माध्यमातून काढलीय. मराठी मला स्वतःला लिहिता येत नाही.)

मग तुम्ही मराठी शिकवू नका. तिला गोष्ट गुजरातीत सांगू द्या, तुम्ही गुजरातीत टिपून घ्या. सांगण्याची सवय तिथे होईल. मराठीसाठी बालभारतीचं ‘सुलभभारती’ आहे, दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठीच केलेलं. सहावीचं घ्या, वय सातवीचं असलं तरी. धडा वाचून झाला की शेजारच्या मराठी घरात जाऊन तो तिनं सांगायचा, मोडक्यातोडक्या मराठीत. त्या काकूंना आधी सांगून ठेवा की मधे दुरुस्त करायचं नाही, शेवटपर्यंत ऐकायचं. आणि मग तिनं सांगितलेलं तिनंच पाच ओळींत लिहून त्यांच्या दारात टाकायचं. काकूंनी उत्तर लिहायचं. त्या लिहिणार नसतील, तर दुसरं दार बघा.